शिबिराआधी वही: गावाच्या आरोग्य समितीत नव्याने आलेल्यांसाठी

ग्रामपंचायतीवर निवडून आलात की पहिल्या-दुसऱ्या मासिक सभेत समित्या वाटल्या जातात. रस्ते, पाणी, घरकुल यांत रस असणारे पुष्कळ असतात. शेवटी एक समिती उरते, जिचं नाव एका दमात म्हणता येत नाही: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. ती बहुतेक वेळा नव्या सदस्याच्या, त्यातही बाईमाणसाच्या, गळ्यात पडते. माझ्याही तशीच पडली.

मग सगळे करतात तेच मी केलं. डोळे तपासणीचं शिबिर घेतलं. मंडप, बॅनर, नारळ, फोटो, सगळं झालं. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना मोतीबिंदू निघाला. त्यांची नावं ज्या कागदावर लिहिली तो कागद शिबिराच्या गाडीबरोबर निघून गेला. सहा महिन्यांनी एक आजी वाटेत भेटली आणि म्हणाली, "बाई, बोलवणार होता ना?" माझ्याकडे तिचं नावसुद्धा लिहिलेलं नव्हतं. म्हणून या लेखात शिबिराचा क्रमांक सगळ्यात शेवटी लागतो, खरं तर लागतच नाही.

आधी आपल्या हातात काय आहे ते बघा

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिच्यासोबत आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. २३ वा विषय आरोग्य आणि स्वच्छतेचा आहे, आणि त्यात रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं, दवाखाने यांचाही उल्लेख आहे. हे वाचून हुरळून जाऊ नका. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषद चालवते. डॉक्टरची बदली, नर्सची रजा, औषधांची खरेदी यांतलं काहीही ग्रामपंचायत ठरवत नाही.

पण गावाचं पाणी, गटारं, अंगणवाडीपर्यंतचा रस्ता, रात्रीची गाडी, कोणाकडे लक्ष द्यायचं राहून गेलंय याची खबर, आणि सरकारी माणसाला जाहीरपणे प्रश्न विचारण्याची जागा, म्हणजे ग्रामसभा, हे सगळं गावाच्या हातात आहे. पहिली दोन वर्षं मी जे हातात नव्हतं त्याच्यावर भांडण्यात घालवली. तुम्ही घालवू नका.

पहिला आठवडा: कागद गोळा करा

ग्रामसेवकाकडे जा (आता त्यांना 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणतात, गावात मात्र ग्रामसेवकच). चार गोष्टी मागा: समिती स्थापनेचा ठराव, सदस्यांची यादी, बैठकांचं इतिवृत्त आणि बँकेचं पासबुक. यादीत मयत माणसाचं नाव सापडलं तर दचकू नका. सदस्यांत आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बायका आणि मागास वस्तीतलं कुणीतरी आहे का ते तपासा. नसेल तर पुढच्या ग्रामसभेत समिती नव्याने करून घ्या. खात्यावर सह्या कोणाच्या चालतात तेही बँकेतच विचारा. सही जुन्या सरपंचांचीच राहिलेली असते आणि ते कळतं पैसे काढायच्या दिवशी.

पहिला महिना: माणसं

साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा असते. उपकेंद्र सपाट भागात ५,००० लोकांमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे, असा निकष आहे. तिथे आरोग्य सेविका (आपली सिस्टर), आरोग्य सेवक आणि आता बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी असतात. उपकेंद्रावर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी लागलेली असेल तर घाबरू नका, उपकेंद्र तेच आहे.

आशाताईला सगळ्यात आधी भेटा, आणि पंचायतीच्या कार्यालयात बोलावून नव्हे, तिच्या ओट्यावर जाऊन. ती पगारदार नोकर नाही, तिला कामावर आधारित मोबदला मिळतो. सदस्य नवा आला की तिला वाटतं, आता आणखी एक साहेब झाला. पहिल्या भेटीत काहीही तपासू नका. एकच विचारा: "ताई, तुम्हाला कोणत्या घरची काळजी वाटते?" मला या प्रश्नाच्या उत्तरात अकरा घरं मिळाली होती. पुढचं सगळं काम त्या अकरा घरांतून सुरू झालं.

कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यातलं काय कळणार, असं म्हणणारा एक तरी सदस्य तुमच्या समितीत निघेल. त्याला जामखेडची गोष्ट सांगा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं ते गावोगावच्या अशाच बायकांना शिकवून. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. आज आशा बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देते त्या या कामातूनच देशभर गेल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची सातवी.

वही

दोनशे पानी वही घ्या. रजिस्टर आशाकडे, अंगणवाडीत, उपकेंद्रात भरपूर आहेत, पण ते वर पाठवण्यासाठी असतात. ही वही गावासाठी. तिच्यात सगळं गाव लिहू नका, भरणार नाही आणि वाचली जाणार नाही. फक्त ज्यांना कुणीतरी जाऊन बघायला हवं त्यांची घरं लिहा.

गरोदर बाई आणि तिची तारीख. वर्षाच्या आतलं बाळ. वजन न वाढणारं मूल. एकटं राहणारं म्हातारं माणूस. बीपी-शुगरच्या गोळ्या मध्येच सोडणारा. क्षयरोगाचं औषध चालू असलेला. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब आणि त्यांची परतायची वेळ. यातली शेवटची नोंद कुठल्याच सरकारी तक्त्यात नीट बसत नाही. त्या घरातल्या बाळाचा डोस इथेही चुकतो आणि तिथेही, कारण इथली सिस्टर म्हणते ते बाहेरगावी आहेत आणि तिथली म्हणते ते आमच्या यादीत नाहीत.

प्रत्येक नावापुढे दोन रकाने: कोण जाणार आणि केव्हा गेलं. बाकी काही नको.

आणि एक पथ्य, ज्यात मी कुणाचंच ऐकत नाही: ही वही ग्रामसभेत वाचायची नाही, मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकायची नाही, आणि घरातल्या कुलपाबाहेर ठेवायची नाही. क्षयरोगाचं नाव फुटलं तर ठरलेलं लग्न मोडतं. ग्रामसभेत आकडे सांगायचे, नावं नाहीत.

पाणी

समितीने वर्षभरात दुसरं काहीच केलं नाही आणि पाणी तेवढं नीट ठेवलं, तरी दवाखान्याची अर्धी गर्दी कमी होते असं माझं मत आहे. हे काम डॉक्टरचं नाही, पंचायतीचंच आहे. त्यामुळे इथे जरा थांबून सांगते.

गावातला प्रत्येक सार्वजनिक स्रोत, म्हणजे विहीर, बोअर, टाकी, लिहून काढा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, म्हणजे एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास, आरोग्य सेवक या स्रोतांचं सर्वेक्षण करतो. त्यावरून पंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. मागचं कार्ड कोणतं होतं ते विचारा, आणि लाल-पिवळं असेल तर कोणत्या त्रुटीमुळे, तेही. त्रुटी नेहमी साध्या असतात: विहिरीला कठडा नाही, बोअरभोवती पाणी साचतं, व्हॉल्व्हचा खड्डा गटाराला लागून आहे. नळाला पाणी सुटत नसतं तेव्हा पाइप रिकामा असतो आणि त्या खड्ड्यातलं घाण पाणी आत ओढून घेतो. जुलाबाची साथ बऱ्याचदा या खड्ड्यातून येते, आणि दोष जातो विहिरीला.

आता टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. आधी पोतं बघा. चांगल्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. ओल लागली, पोतं उघडं राहिलं की तो उडून जातो आणि हातात नुसता चुना उरतो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. आमच्या कार्यालयात पोत्याचा दगड झालेला होता आणि शिपाई रोज इमानेइतबारे त्यातलाच तुकडा फोडून टाकीत टाकत होता. रजिस्टर पूर्ण भरलेलं, पाण्यात क्लोरीन शून्य. पोतं कोरड्या, अंधाऱ्या जागी, फळीवर, घट्ट तोंड बांधून ठेवायचं आणि तपासणीसाठी नमुना आरोग्य सेवकाकरवी प्रयोगशाळेत पाठवायचा.

किती टाकायची? विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने, मग ०.७८५ ने, आणि शेवटी १,००० ने. आलं लिटर. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल तर साधारण ३७,७०० लिटर. चांगल्या पावडरीचं ढोबळ प्रमाण १,००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला ९५ ग्रॅमच्या आसपास. पाणी गढूळ असेल, साथ चालू असेल, तर जास्त लागते. किती जास्त, ते आरोग्य सेवकाला विचारून ठरवा.

पावडर तशीच ओतायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लगदा करायचा, मग पाणी घालून ढवळायचं आणि निवळू द्यायचं. वरचं स्वच्छ पाणी विहिरीत किंवा टाकीत सोडायचं, खालचा चुना लांब फेकायचा. त्यानंतर किमान एक तास पाणी उपसायचं नाही. आमच्याकडे रात्री टाकत आणि पहाटे पाणी सोडत.

आणि मग खरी परीक्षा. ओटी टेस्ट म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडिनचा थेंब टाकायचा, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. टाकीखालच्या नळाची ही टेस्ट करून उपयोग नाही, तिथे पाणी पिवळं होणारच. गावातल्या शेवटच्या घराचा नळ गाठा, जिथे पाणी सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात कमी दाबाने येतं. हे घर बहुतेक ठिकाणी कोणत्या वस्तीत असतं ते मी सांगायला नको. तिथे ओटीच्या थेंबाने पाणी पिवळं झालं तर तुमचं काम झालं. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. तपासलेलं पाणी फेकून द्या, आणि ओटीचा थेंब हाताला लागू देऊ नका. समितीतल्या एका बाईने आठवड्यातून एक दिवस ही टेस्ट करायची आणि तारीख घालून लिहायची. जलसुरक्षकाला, म्हणजे गावाच्या पाण्याची राखण करणाऱ्या पंचायतीच्या माणसाला, अगोदर सांगून ठेवा की ही त्याच्यावरची पाळत नाही. तो फुगेल. चार आठवड्यांनी स्वतःच ओटीची बाटली आणून देईल.

पाण्याला वास येतो, चहा बिघडतो, अशी तक्रार लोक करतील. सरपंचही म्हणतील, जरा कमी टाका. बधू नका.

महिन्यातला एक दिवस

ग्राम आरोग्य व पोषण दिन महिन्यातून एकदा अंगणवाडीत होतो: लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, मुलांची वजनं. तुमचं काम तिथे भाषण करणं नाही. बीपी तपासायला पडदा आहे का, हात धुवायला पाणी आहे का, आणि वजनकाटा बरोबर आहे का, एवढं बघा. काट्यासाठी किराणा दुकानातलं दोन किलोचं माप नेऊन ठेवलं की कळतं. वहीतलं कोण आलं नाही ते टिपा आणि संध्याकाळपर्यंत त्या घरी जा. दवंडी आदल्या दिवशी, सकाळी शेतावर जायच्या आधी.

क्षयरोगाचं उलटं गणित

'टीबीमुक्त पंचायत' या प्रमाणपत्राची हल्ली चढाओढ असते. नव्या सदस्याला वाटतं, गावात रुग्ण कमी दाखवले की झालं. निकष नीट वाचा. पहिलीच अट आहे की वर्षाला दर १,००० लोकांमागे किमान ३० संशयितांची तपासणी झालेली हवी. म्हणजे शोधायचं आधी, आणि मग रुग्ण १,००० मागे एक किंवा त्याहून कमी निघायला हवेत. ज्या गावात थुंकीच तपासली नाही तिथे कागदावर क्षयरोग नसतोच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन: अशा माणसाचा नमुना आशाकरवी पाठवा. रुग्ण निघाला तर औषध मोफत आहे, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये त्याच्या बँक खात्यात येतात. येतात का, ते विचारत राहायचं काम समितीचं. आधार जोडलेलं नाही म्हणून अडकलेले पैसे एका फेरीत सुटतात, पण ती फेरी आजारी माणसाला झेपत नाही.

रात्रीची गाडी

१०८ ला फोन करायचा हे सगळ्यांना माहीत असतं. गाडी येईपर्यंत काय, आणि पावसाळ्यात ओढ्याला पूर आला तर काय, हे ठरलेलं नसतं. जूनच्या आधी बसून ठरवा: गावातल्या कोणत्या तीन गाड्या रात्री मिळतील, चालक कोण, डिझेलचे पैसे कोण देणार (समितीच्या निधीतून गरीब घरासाठी देता येतात), ओढ्यापलीकडे गाडी कोण आणून उभी करणार. हे फोन नंबर गाडीवाल्यांना विचारून अंगणवाडी आणि मंदिराच्या भिंतीवर रंगवा. बाळंतपणासाठी १०२ ची गाडी वेगळी असते, तोही नंबर लिहा. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या दिवस भरत आलेल्या बायकांना आठवडाभर आधीच अलीकडच्या नातलगाकडे आणायचं.

साप चावला तर जखम कापायची नाही, आवळून बांधायचं नाही, भगताकडे थांबायचं नाही. माणसाला चालवू नका, झोपवून, हात-पाय न हलवता न्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष लस शिल्लक आहे का, हे मे महिन्यातच वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून ठेवा. भगतालाच समितीच्या बैठकीला बोलवा. आमच्याकडच्याने दुसऱ्या वर्षापासून स्वतः मोटरसायकल काढायला सुरुवात केली. मंत्र तो वाटेत म्हणायचा. आमची हरकत नव्हती.

पैसा

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हापासून या समित्यांना अबंधित निधी, म्हणजे कशावर खर्च करायचा हे समितीने ठरवायचा पैसा, मिळतो. मूळ रक्कम गावाला वर्षाला १०,००० रुपये. मागच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलं नसेल तर पुढचा हप्ता अडकतो. आधी बैठकीत ठराव, मग खर्च, मग पावती, मग वहीत नोंद, हा क्रम मोडू नका. दहा हजारांचा हिशेब मार्चमध्ये फलकावर लिहा. एवढ्याशा रकमेचा हिशेब लावलेला बघून लोक लाखांचा विचारू लागतात, त्यामुळे काही सदस्यांना हे आवडत नाही.

मोठी कामं या निधीतून होणार नाहीत. त्यासाठी ग्रामपंचायत विकास आराखडा, म्हणजे 'आमचं गाव, आमचा विकास'चा आराखडा. १५ व्या वित्त आयोगाच्या पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होते. व्हॉल्व्हचे खड्डे, शेवटच्या वस्तीची पाइपलाइन, शोषखड्डे असली कामं अशा बांधील निधीत बसतात. शिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मार्च आला की यातून घाईघाईत खुर्च्या आणि कपाटं घेतली जातात. तुमची मागणी आराखडा तयार होतानाच लेखी द्या.

दवाखाना चालत नसेल तर

"तिकडे कुणी नसतंच" ही तक्रार नव्हे, गप्पा आहेत. वहीच्या मागच्या पानावर लिहा: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोण गेलं, काय मिळालं नाही. महिनाभराच्या नोंदी झाल्या की आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. निम्म्या वेळा कारण खरं असतं, एकाच सिस्टरकडे दोन उपकेंद्रं दिलेली असतात. उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीत आणि प्राथमिक केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत पंचायतीचं माणूस असतं, तिथे विषय मांडा. नंतर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र, प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, पोच घेऊन. त्यानंतर जिल्हा परिषद.

महाराष्ट्रात २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्यात गावकऱ्यांनी दवाखान्याला लाल-पिवळा-हिरवा शेरा द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचा, अशी रीत होती. तुमच्या तालुक्यात ती नसली तरी अर्ध्या पानाचा तसा तक्ता ग्रामसभेपुढे ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. सिस्टरला त्या दिवशी आवर्जून बोलवा, आणि तिला तक्ता आदल्या दिवशीच दाखवा. चारचौघांत अचानक तोंडघशी पाडलेला माणूस पुढे वर्षभर आपलं काही ऐकत नाही.

ग्रामसभेत

गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. आरोग्याचा विषय पत्रिकेवर शेवटी असतो आणि तोवर बायका उठून गेलेल्या असतात. म्हणून ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेतच तो घ्या, ठराव तिथेच शब्दशः लिहून घ्या आणि ग्रामसभेत फक्त वाचा. माझ्या कारकिर्दीतला एकही महत्त्वाचा ठराव ग्रामसभेत सुचलेला नव्हता. सगळे महिला सभेत नाहीतर अंगणवाडीच्या पायरीवर ठरले होते.

पाच वर्षांनी समिती बदलेल तेव्हा वही नव्या माणसाच्या हातात द्या, पासबुकासोबत. देताना वहीतल्या घरांपैकी निदान दोन-तीन घरी त्याला स्वतः घेऊन जा.